सुट्टी शाळेला, दाताला नाय

"आ कर बघू."

बाईंची ओळख इथून सुरू व्हायची. नाव काय, कुणाचा तू, कितवीत, हे सगळं नंतर. समोर पोर आलं की पर्समधून स्टीलचा चहाचा चमचा निघायचा, अंगठ्यानं हनुवटी उजेडाकडे वळायची, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला व्हायचा आणि पोर घाबरायच्या आत बघून झालेलं असायचं. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, जत्रेत दर्शनाच्या रांगेत, कुठंही. पर्समध्ये स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले डझनभर चमचे असत, सकाळी उकळून घेतलेले. एका पोराला एक. वापरलेला चमचा दुसऱ्या पिशवीत जायचा आणि घरी गेल्यावर परत उकळायचा.

घोडेगावच्या बाजारात नाहीतर मंचरच्या स्टँडवर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. ठेंगण्या, वेणी निम्मी पांढरी, पायात पुरुषी सँडल, खांद्याला फुगलेली पर्स. उजव्या गालावर, जबड्याच्या जरा वर, एक खोल खळी. हसल्या नाहीत तरी ती दिसायची. आम्ही मास्तर मंडळी आपसात म्हणायचो, या वयातही बाईंना खळी शोभते बरं का. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मी हे रागानं लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. राग बऱ्याच जणांवर आहे. त्यातला एक जण मी आहे, आणि त्याचा नंबर खालून लागत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक. घर पेठला, शाळा मात्र वर, डिंभे धरणाच्या पलीकडच्या अंगाला, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीत. वाडीचं नाव लिहीत नाही. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौतीस पोरं. वर्षातून एकदा सरकारी गाडीतून दाताची तपासणी करणारं पथक येतं. डॉक्टर बाकावर बसतात, पोरं रांगेत येतात, डॉक्टर आत डोकावून दोन शब्द बोलतात आणि शेजारी बसलेली बाई ते कार्डावर लिहिते. ती बाई म्हणजे या बाई. कंत्राटी नोकरी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा अकरा महिन्यांची, असं करत चौदा-पंधरा वर्षं झालेली.

मागच्या वर्षी पथक आलं ते होळीच्या आधी. डॉक्टरांनी तासाभरात चौतीस तोंडं उरकली, कारण पुढं अजून दोन शाळा होत्या. गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाई मात्र पोषण आहाराच्या खोलीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा पुढं केला.

"गुरुजी, या अकरा पोरांना दवाखान्यात न्यायला लागंल. चिठ्ठी आई-बापाच्या हातात द्यायची. पोराच्या हातात नाय. पोरं तिचं विमान करत्यात."

"देतो."

"सुट्टी लागायच्या आत द्या. होळी झाली की मान्सं खाली जात्यात कामाला. मग कुणाला देनार?"

"देतो म्हणालो ना, बाई."

"ह्या पोरीची सगळ्यात आधी." त्यांनी वरची चिठ्ठी बोटानं दाबली. तनुजाची. तिसरीतली पोर, वर्गाची मॉनिटर, हजेरीपट आणायचं काम तिचं. "तिची सहाव्या वर्षाची दाढ किडलीय. ही पडायची दाढ न्हवं. सगळ्यांना वाटतं दुधाची हाय. दुधाच्या दातांच्या मागं गुपचूप येती ही, कुठला दात न पडता. म्हनून कुणाला कळतच नाय की ही आयुष्यभराची हाय. आता भरली तर वाचंल."

मी मान डोलावली. गाडी गेली. मी गठ्ठा एका फायलीत घातला, फाईल कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. उद्या देऊ म्हटलं.

उद्या काय झालं ते मला आज नीट आठवतही नाही, एवढं ते साधं होतं. कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची होती. परवा केंद्रावर मीटिंग होती. मग होळी झाली, मग परीक्षा, मग निकालपत्रकं. तपासणीचा अहवाल मात्र मी त्याच आठवड्यात वर पाठवला होता. तो पाठवला नाही तर फोन येतो. चिठ्ठ्या वाटल्या नाहीत तर कुणाचाही फोन येत नाही. आमच्या खात्याचा सगळा कारभार या एका गोष्टीत आला, आणि त्या कारभारातला मी तयार झालेला माणूस.

शाळेला सुट्टी लागली की पथकाची गाडीही उभी राहते. तपासणी शाळेत होते, शाळा बंद, म्हणून तपासणी बंद. जूनमध्ये बघू. आता मला सांगा, पोरांच्या दातांचं वाटोळं होतं ते कधी? याच दोन महिन्यांत ना? शाळेत निदान बारा ते पाच तोंड बंद असतं. उन्हाळ्यात सकाळी गोळी, दुपारी गारेगार, संध्याकाळी लग्नाचा मांडव आणि तिथलं लाल-पिवळं सरबत. जत्रेतली गोडी शेव पुडीत बांधून तीन-तीन दिवस चघळायची. आणि हे सगळं चालू असताना दात बघायचं काम ज्यांचं, ते दवाखान्यात पंख्याखाली रजिस्टरं लिहीत बसणार.

बाईंनाही तेच काम दिलेलं होतं. रजिस्टरं त्या लिहायच्या. पण रविवार आणि उरलेल्या रजा त्या वाड्यांवर घालवायच्या. एसटीनं, वडापच्या जीपनं, नाहीतर सरळ चालत. चिठ्ठी दिलेल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांनी आपल्या एका वहीत उतरवून घेतलेलं असे. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं, बाई, सुट्टीत कुठं निघाला उन्हातानाची, तर म्हणायच्या, "सुट्टी शाळेला असती. दाताला नाय."

चैत्रात आमच्याकडच्या एका जत्रेत मी त्यांना पाहिलं. गारेगारवाल्याच्या गाड्याशेजारी पाण्याचा कळशीभर साठा आणि एक ओगराळं घेऊन बाई उभ्या. गारेगार खाऊन झालेल्या प्रत्येक पोराला धरून चूळ भरायला लावत होत्या. गारेगारवाला वैतागलेला.

"ओ बाई, माझं गिऱ्हाईक पळवता का काय?"

"मी कुठं म्हनते खाऊ नको? खाऊ दे की. एकदा खा, बसून खा, संपव, चूळ भर. दिवसभर काडी चोखत हिंडायचं नाय, एवढंच."

"मग तिकडं जरा लांब उभ्या ऱ्हावा."

"लांब उभं ऱ्हायलं तर पोरं येत्यात का?" मग त्याच्याकडे नीट बघून, "तुमचा मुलगा का हा? ये रे. आ कर बघू."

त्याच्या मुलाच्या पुढच्या चार दातांचे नुसते काळे खुंट उरले होते. थोड्या वेळानं मी परत तिकडून गेलो तर तोच पोरांना ओरडून सांगत होता, "काडी हितं टाका, नि त्या बाईकडं चूळ भरा, मग जावा." मी हसलो. बाईंना हात केला आणि पुढं गेलो. त्यांनी लांबूनच विचारलं, "गुरुजी, चिठ्ठ्या दिल्या का?" मी मान हलवली. होही नाही आणि नाहीही नाही, अशी हलवली. गर्दीत चालून गेलं.

वरच्या वाड्यांवर मात्र चूळ भर म्हणणं सोपं नव्हतं. एका वाडीत एका बाईनं त्यांना दारातच सुनावलं होतं. ते मला त्यांनीच सांगितलं. "बाई, दोन हंडे पानी आनायला आमी डोंगर उतरतो. प्यायला पुरंना, नि चुळा भरून थुकायला कुठलं आनू?" खाली एवढं मोठं धरण, पाणी कालव्यानं पार लांबलांबच्या शेताला जातं, आणि धरणाच्या डोक्यावर बसलेली माणसं एप्रिलपासून टँकरची वाट बघतात. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्याला त्याचं काहीही वाटत नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हननार. बरोबर हाय तुमचं, म्हनलं. तिच्या ओट्यावर बसून ऱ्हायले जरा वेळ. मग सुचलं. एक घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा नि गिळायचा. थुकायचं नाय. पोटात गेलं तर काय बिघडतं? आपल्याच तोंडातलं हाय."

तेव्हापासून वरच्या वाड्यांवर बाईंची चूळ गिळायची असायची. पोरांना ते फार आवडलं. जेवण झालं की गाल फुगवून एकमेकांकडे बघायचं आणि गटकन गिळायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुठल्याही खात्याचं परिपत्रक निघालं नव्हतं.

मशेरीशी मात्र त्यांचं हाडवैर. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बायका दाताला लावतात, ते ठीक, त्यांचं त्यांच्यापाशी. पण पोराचा दात ठणकायला लागला की आज्या चिमूटभर मशेरी त्या किडलेल्या दाढेत दाबतात. पोर जरा वेळानं गप्प होतं, झोपतं. "दुखनं गप बसलं म्हंजी कीड गप बसली का?" बाई म्हणायच्या. "ती आतून चाललेलीच हाय. नि पोराला आठव्या वर्षी तंबाखू लागती ती येगळीच." आज्यांना बाई अजिबात आवडत नसत. बाईंनाही ते माहीत होतं.

मेच्या मधल्या एका दुपारी बाईंचा फोन आला. मी आमरस हाणून ओसरीवर आडवा झालो होतो.

"जय भीम, गुरुजी. तनुजाची चिठ्ठी कुनाच्या हातात दिली व्हती?"

"दिली की," मी म्हणालो. सरळ, न अडखळता.

"कुनाच्या हातात?"

"घरी. म्हणजे, तिच्या आईच्या."

त्या म्हणाल्या, "आई नारायणगावला हाय, टोमॅटोच्या तोडणीला. आत्ताच तिला फोन लावला व्हता. ती म्हनती, मिळाली नाय. विसरली असंल बिचारी." आणि फोन ठेवला.

त्या माझ्यावर चिडल्या असत्या, मला खोटारडा म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो. मला भांडायला येतं. पण त्यांनी मला सुटायला वाट ठेवली, आणि तिथंच मी अडकलो. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांवर उगाच डाफरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढून वर गेलो.

बाई शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. आदल्या दिवशी वाडीवरून घरी परतून पहाटेच्या एसटीनं पुन्हा आल्या होत्या. मी येईन हे त्यांना कसं ठाऊक, देव जाणे.

"पोरीचा गाल सुजलाय," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी असली तर बरं. तिच्यावर डॉक्टरची सही हाय. नायतर खिडकीवरचा मानूस आत सोडत नाय."

मी कुलूप काढलं. फाईल जिथं ठेवली होती तिथंच होती. अकराच्या अकरा चिठ्ठ्या, कडाही न दुमडलेल्या. बाईंनी त्या हातात घेतल्या, एकेक नाव वाचलं, तनुजाची वेगळी काढली आणि बाकीच्या पर्समध्ये चमच्यांशेजारी ठेवल्या. "ह्या मी देते," म्हणाल्या. यापलीकडे त्या विषयावर बाई माझ्याशी आजतागायत बोललेल्या नाहीत.

तनुजाच्या घरी तिची आजी, भामाआजी, चुलीपुढं बसली होती. तव्यावर मीठ तापत होतं, शेजारी फडकं पसरलेलं. पोर भिंतीला टेकून बसलेली. डावा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला आणि त्यावर गेरूचा लाल थर.

"गालफुगी हाय," आजी म्हणाली. "दोन दिस शेकलं की बसंल."

"आ कर बघू," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे शब्द फुकट गेलेले मी पहिल्यांदा पाहिले. पोरीला तोंड उघडताच येईना. नखभर फट, त्यातून चमचाही जाईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बाईंनी तवा उचलून बाहेर अंगणात ठेवला. आजी भडकली. "माज्या घरात येऊन माजा तवा उचलनारी तू कोन गं?"

बाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या, आजीचा हात धरला आणि तिचं बोट आपल्या गालावरच्या खळीत घातलं.

"दाबा. अजून दाबा. लागतंय का कायतरी कडक? ही खळी न्हवं आजी. मी ह्या पोरीएवढी व्हते. असाच उन्हाळा, असाच गाल. आमच्या आजीनं चार दिस मिठानं शेकलं. लई माया व्हती तिची. वरनं शेकलं की आतला पू भाईर ओढला जातो. गालातनं फुटला. सहा महिने वाहत व्हता. मग हे असं झालं. लग्नाला बघायला येनारे म्हनायचे, पोरीला खळी छान हाय. माजी आई कायच बोलायची नाय."

आजीनं बोट काढून घेतलं. बराच वेळ ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली. मग उठली आणि पोरीचा गाल ओल्या फडक्यानं हळूहळू पुसायला लागली. मी दारात उभा होतो. चिठ्ठी उशिरा का आली, हे आजीनं विचारलंच. बाई म्हणाल्या, "वाटंत कुठंतरी गहाळ झाली व्हती." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

जीप करून आम्ही चौघं खाली दवाखान्यात गेलो. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, तुमच्या माहितीतला कुठलाही धरा. दाताची खोली उघडी होती. ती वर-खाली होणारी खुर्चीही होती, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण आणि आवरणावर फायलींचे गठ्ठे. डॉक्टर रजेवर, घरचं लग्न. त्यांच्या जागी कोण? कुणीच नाही. खिडकीवरच्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"ही मार्चची आहे. जुनी झाली. आणि डॉक्टर जूनमध्ये येतील. शाळा सुरू झाली की या."

"पोरीला ताप हाय," बाई म्हणाल्या.

"मग तापाचा केसपेपर काढा."

बाईंना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. स्वतःच्याच दवाखान्यात, स्वतःच्याच साहेबाच्या दारात उभ्या राहून त्या बोलल्या. पोरीचा गाल जूनपर्यंत थांबनार हाय का, ते मला लिहून द्या. खुर्चीवर फायली ठेवायच्या असतील तर खुर्ची कशाला आनली, तेही लिहून द्या. साहेब बाहेर आले, आवाज खाली ठेवा म्हणाले, तुम्ही कंत्राटी आहात हे लक्षात असू द्या म्हणाले. आवाज कमी करा, हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं औषध आहे आणि त्याचा साठा कधी संपत नाही.

शेवटी पुढच्या मोठ्या गावात एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी मागितलीच नाही. पोरीला बघितलं, लगेच आत घेतलं, पू काढला, औषधं लिहिली. सूज उतरल्यावर पाच दिवसांनी परत बोलावलं. दाढ वाचवता येते का ते पाहिलं त्यांनी, फोटोही काढला. पण आत काही उरलं नव्हतं. दाढ काढावी लागली.

कापसात गुंडाळलेली ती दाढ आजीनं हातात घेतली. उलटी करून मुळं पाहिली.

"दुधाचीच व्हती ना? यील की परत."

"नाय यायची, आजी," बाई म्हणाल्या. "ही परत यायची नसती."

आजीनं माझ्याकडे बघितलं. शिकलेला माणूस म्हणून बघितलं असेल, की गुरुजी तरी वेगळं काही सांगतील. मी भिंतीवरचा दात घासायचा तक्ता वाचत राहिलो.

जूनमध्ये बाईंची नवी ऑर्डर निघाली नाही. आलं ते एक पत्र. परवानगी न घेता, नेमून दिलेल्या कामाबाहेर, सुट्टीच्या काळात गावोगाव फिरून लोकांच्या मनात संभ्रम निर्माण केल्याचं त्यात लिहिलं होतं. संभ्रम, बरं का. गाल सुजलेल्या पोरीच्या घरातला तवा उचलला त्याला संभ्रम म्हणतात. मी ते पत्र वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तालुक्याला जाऊन आरडाओरडा केला. त्यांनी मला चहा पाजला. आणि ऑगस्टमध्ये आमच्या शाळेला एक प्रमाणपत्र आलं, दंत तपासणी वेळेत पूर्ण केल्याबद्दल, खाली सही-शिक्क्यासकट. माझ्या नावानं. वरून फोन आला, दर्शनी भागात लावा. लावलं. अजून आहे. रोज शाळा उघडताना ते माझ्या डोळ्यांसमोर येतं, आणि ते काढायची मला हिंमत झालेली नाही, हेही लिहून ठेवतो.

बाई आता चाकणच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात काम करतात. अधूनमधून फोन करतो. एकदा विचारलं, तिथं लहान पोरं येतात का.

"येत्यात की, लई येत्यात. आई-बाप गाडीतनं घेऊन येत्यात." मग थांबून म्हणाल्या, "येत्यात त्यांचं काय, गुरुजी. ती येत्यातच. जी येत नायत त्यांच्याकडं जायचं व्हतं मला." मागं कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

यंदाही पथक आलं, पण सुट्टी तोंडावर आल्यावर. नवी मुलगी होती, भरभर लिहिणारी. चिठ्ठ्या नऊ निघाल्या. त्या मी फायलीत घातल्या नाहीत, खिशात घातल्या आणि दोन संध्याकाळी घराघरांत दिल्या. ज्यांचे आई-बाप होळीनंतर कामाला खाली गेले होते, त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना सुट्टी लागायच्या आत गाठायचं ठरवलं होतं. शाळेच्या शेवटच्या दिवशी एकच घर राहिलं. मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. तनुजाची धाकटी बहीण प्राजू आता पहिलीत आहे. तिची सहाव्या वर्षाची दाढ नुकतीच वर आलीय, अजून किडलेली नाही, पण खाचा खोल आहेत, बुजवून घ्या म्हणून चिठ्ठी.

भामाआजी ओट्यावर नाचणी पाखडत होती. मला पाणी दिलं. तनुजा उंबऱ्यात बसून बहिणीची वेणी घालत होती. मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं.

"आजी, मागच्या साली तनुजाची चिठ्ठी वाटेत गहाळ झाली नव्हती. माझ्या कपाटात होती. मी दिलीच नाही."

आजीचं सूप थांबलं नाही.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"बाईंनी सांगितलं?"

"बाई कशाला सांगंल. पोरीनं सांगितलं. तुमी कपाटात ठिवली तवा ती हजेरी घिऊन तितंच हुबी व्हती म्हनं."

मी तनुजाकडे वळलो. मास्तरकी कुठं जाते. तोंडातून प्रश्नच निघाला. "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं वेणीचा पेड हातात तसाच धरला. "तुमी ठिवली म्हनून," ती म्हणाली. "मला वाटलं, गुरुजींनी ठिवली मंजी ठिवायचीच असंल."

कुणावर ओरडावं असं तिथं कोणी नव्हतं. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि सवयीनं तनुजापुढं केली. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"माज्या हातात नाय, गुरुजी. मोठ्या मानसाच्या हातात."

आजीनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि चिठ्ठी घेतली. घडी घालून कमरेच्या चंचीत ठेवली. मशेरीची डबी चंचीत होतीच. तिच्याशेजारी फडक्यात गुंडाळलेला एक चमचाही होता.

"कवा जायचं हिला घिऊन?" आजीनं विचारलं.

"उद्या सकाळी. मी जीप सांगितलीय. मीही येतो."

"तुमाला सुट्टी लागली ना उद्यापासून?"

"शाळेला लागली," मी म्हणालो.